मांडलेलं घर

"मॅडम, तुमच्याकडं पितळेचं काही आहे का? चेपलेलं असलं तरी चालेल. चेपलेलं असलं तर बरंच."

सर माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मी नांदेडच्या त्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून नुकतीच रुजू झाले होते. काउंटरवर बसून पुस्तकांना नवे नंबर चिकटवत होते. समोर एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे. अंगात खादीचं जाकीट, मनगटाला अत्तराचा वास, काखेत बुककीपिंगचं पाठ्यपुस्तक. मला वाटलं, एखाद्या संस्थेसाठी भंगार गोळा करत असतील. मी म्हटलं, "सर, माझा संसार सगळा स्टीलचा आहे." घरात कुणी आजारी असल्याचं मी सांगितलंय, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "असू द्या," म्हणाले, "होतं असं कधी कधी." आणि निघून गेले.

पुढं कळलं की हा प्रश्न त्यांनी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना विचारून झाला होता. कुणाच्या घरी गेले की पाणी पिऊन झाल्यावर ते तांब्या उलटा करून त्याचं बूड बघत. चहाची बशीसुद्धा उलटी करून बघत. एका सहकाऱ्याचे वडील वारले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि सरांची नजर कोपऱ्यातल्या तांब्याच्या घंगाळावर. पूर्वी आंघोळीचं पाणी ज्यात काढायचे तसलं, दोन्ही बाजूंना कड्या असलेलं. निघताना सरांनी त्या सहकाऱ्याचा हात हातात घेतला, त्यांचे डोळे भरून आले, आणि ते हळूच म्हणाले, "ते मोडीत घालू नका." त्यांचं रडू खरं होतं, हे मी शपथेवर सांगेन. ते वडिलांसाठी होतं की घंगाळासाठी, हे त्या सहकाऱ्याला कळलं नाही आणि मलाही नाही.

वर्गात मात्र हा माणूस निराळाच. जमा-नावे सोडून एक अवांतर शब्द नाही. ताळेबंद जुळला नाही तर पोरांना पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायला लावायचे. त्यांच्या तासाला कुणी हसल्याचं ऐकिवात नव्हतं. म्हणून त्यांच्या पत्नीकडून जे कळलं ते मला आधी दुसऱ्याच कुणाबद्दलचं वाटलं.

त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. बाजारात गाठ पडली की मी त्यांच्याबरोबर घरापर्यंत चालत जायची. एकदा त्यांच्या ओट्याशी बसून लसूण सोलता सोलता मी विचारलं, "सर एवढं पितळ गोळा करून करतात काय हो?"

"गोळा कुठं करतात, उसनं आणतात," वहिनी म्हणाल्या. "पुण्याचे दोस्त येतात त्यांचे गावाकडं. दोन दिवस घर मांडायचं, मग ज्याचं त्याला वापस. मी केलं काही वर्षं. आता झेपत न्हाई. मला खोटं बोलताना हसू येतं." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुमचे मिस्टर तर शनिवार-रविवार मुदखेडलाच असतात ना ड्यूटीवर? या वर्षी तुम्ही जा की. पाहुण्या बायकांशी बोलायला एक बाईमाणूस लागतं तिथं."

असं मी गेले. कशासाठी जातेय, कोण म्हणून जातेय, हे नीट न कळताच गेले, आणि मग दर वर्षी जात राहिले.

लोह्याहून कंधारकडं जाताना आत एक फाटा फुटतो. तिथल्या एका गावात सरांच्या मामांचं माळवदाचं घर होतं. जाड मातीच्या भिंती, वर सपाट मातीचं छत, दारातून शिरताच बसाउठायची ढाळज, आणि आत दोन खोल्या. मामा लातूरला मुलाकडं राहायला गेले तेव्हा किल्ली सरांकडं देऊन गेले. घरात एक सुतळीची बाज होती. बाकी काही म्हणजे काही नव्हतं.

सर तरुणपणी एम.कॉम. करायला पुण्याला होते. तिथल्या हॉस्टेलवर कुणी कोकणातल्या घराबद्दल बोलायचं, कुणी आजोळच्या आमराईबद्दल. सरांनी एकदा म्हणून टाकलं की आमच्याकडं पण आहे. काय आहे, ते नेमकं सांगितलं नव्हतं. पोरांनी त्यांचं नाव जहागीरदार ठेवलं. नंतर ती पोरं मोठी झाली, श्रीमंत झाली, आणि एका थंडीत त्यातल्या मंदारचा फोन आला की जहागीरदार, तुझ्याकडं हुरडा खायला येतोय. सर नको म्हणू शकले असते. निदान मला तसं वाटतं. ते गावात गेले आणि समोरच्या सरूबाईंना म्हणाले, "तुमची पेटी दोन दिवसाला देता का?"

हे सगळं का, असं मी सरांना एकदा विचारलं. ते म्हणाले, मामांच्या घराचा मान राहावा म्हणून. वहिनींना त्यांनी सांगितलं होतं की पुण्याचे दोस्त पुढंमागं कामाला येतात. सरूबाईंना सांगितलं होतं की ही सगळी शहरातली माणसं आजारी असतात, त्यांना जुनं बघितलं की बरं वाटतं. यातलं कुठलं खरं, ते मला शोधता आलं नाही. तिन्ही खरी असू शकतील.

मी पहिल्यांदा गेले ती शुक्रवारची दुपार होती. गल्लीतून माणसं सामान घेऊन येत होती. कुणाच्या डोक्यावर रांजण, कुणाच्या हातात समई, कुणाच्या खांद्यावर लाकडी परात. सरूबाईंची सागवानी पेटी, पितळी फुलं ठोकलेली, चौघांनी उचलून आणली. किराणा दुकानवाले बसवंतअप्पा वाडवडिलांची तागडी घेऊन आले. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, चेहऱ्यावर नाराजी.

"मागल्या साली माझी तागडी आतल्या खोलीत टांगली होती," ते म्हणाले. "पाहुण्यांनी बघितलीच न्हाई. या साली ढाळजेत पाहिजे."

"ढाळजेत समई हाय," एक बाई म्हणाली.

"समई काय, घरोघर ऱ्हाते."

सरांनी दोघांची समजूत काढली. मला वाटलं, मदत म्हणून कुणाचं काय आलं ते लिहून ठेवावं. मी पर्समधून पेन काढलं तर सरांनी माझा हात अडवला. "लिहू नका, मॅडम. लिहून ठेवलं की ती वस्तू उसनी होते."

हे वर्षानुवर्षं जमाखर्च शिकवणारा माणूस म्हणत होता. परिणाम व्हायचा तोच व्हायचा. पाहुणे गेल्यावर कुणाचा अडकित्ता कुणाकडं जायचा. एका तांब्यावर दोन घरांचा दावा होता आणि तो एक वर्षाआड एकेकीकडं राहायचा. त्यावर कुणाची तक्रार नव्हती. मी एकटीच गोंधळून जायची.

शनिवारी दुपारी गाड्या आल्या. मंदार, तागाचा सैल कुर्ता, गोल चष्मा. त्याची बायको इरा, केस मुद्दाम पांढरे ठेवलेले, कानात चांदीच्या मोठाल्या रिंगा. पुण्यात तिचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. त्यांच्याबरोबर दर वर्षी नवी एक-दोन जोडपी असायची. सगळे हळू बोलायचे, सगळ्यांचे कपडे चुरगळलेले आणि महागाचे. कॉफी गाळायचं काचेचं भांडं ते बरोबर घेऊन यायचे.

आणि सर बदलायचे. डोक्यावर गवती टोपी यायची, कणा ताठ व्हायचा आणि तोंडातून पुण्याची मराठी. "या. दगडाला ठेच लागेल, सांभाळून. आमच्या पणजोबांनी हा दगड मुद्दाम वर ठेवला होता. येणाऱ्यानं मान खाली घालून यावं म्हणून." तो दगड मागच्या पावसात उचकटला होता, हे मला सरूबाईंनी त्याच दिवशी सांगितलं होतं.

मग घर दाखवणं. पेटी म्हणे हैदराबादहून बैलगाडीतून आली. पणजोबा निजामाच्या अमलात कंधारला कसल्यातरी हुद्द्यावर होते, त्यांनी एका व्यापाऱ्याची अब्रू वाचवली, त्यानं ती पेटी भेट म्हणून पाठवली. गाडी वाटेत नदीच्या पुरात अडकली आणि गाडीवान पेटीवर बसून रात्रभर भजन म्हणत होता. हे सांगताना सरांचा आवाज असा लागायचा की मला घरात बैलांच्या घंटा ऐकू यायच्या. पुढच्या वर्षी व्यापाऱ्याच्या जागी नवाब यायचा आणि पुराच्या जागी दरोडा. मंदारच्या ते लक्षात येत नसेल का? मी त्याच्या तोंडाकडं बघायची. तो डोळे मिटून ऐकायचा.

गंमत अशी की वस्तूंचे मालकही दाराशी उभे राहून ऐकायचे. सरूबाई एकदा मला म्हणाल्या, "माझ्या पेटीत त्या गाडीवानाचा वास येऊन राहिलाय बघा." ती पेटी त्यांच्या वडिलांनी उदगीरच्या सुताराकडून करून घेतलेली होती. ते त्यांनीच मला सांगितलं होतं.

रविवारी सकाळी नाश्त्याला सुशीला. एकदा एका पाहुण्यानं "सुशीला कोण?" म्हणून विचारलं, तेव्हा बसवंतअप्पांनी शांतपणे कुरमुऱ्यांच्या परातीकडं बोट केलं. मग गाड्या काढून कंधारला. किल्ला बाहेरून बघायचा आणि पितळ-तांब्याची मोड घेणाऱ्या दुकानात शिरायचं. लोकांनी नव्या भांड्यांच्या बदल्यात दिलेल्या जुन्या भांड्यांचा तिथं ढीग असायचा. इरा साडी सावरून त्या ढिगात बसायची आणि एकेक ओढून काढायची. सर बाजूला उभे राहायचे. एकदा तिनं एक घागर वर काढली आणि सरांचा चेहरा पडला. ती गावातल्याच एका घरची होती, गेल्या वर्षापर्यंत आमच्या ढाळजेत असायची. "किती सुंदर आहे ना?" इरा म्हणाली. "हो," सर म्हणाले, "ओळखीची वाटते."

दर वर्षी निघताना इरा पेटी मागायची. "सर, कधीतरी द्या मला ही." गावाचं ऐकून तीही त्यांना सरच म्हणायची. सर हसून सांगायचे, "घरातल्या वस्तू विकत नसतात, इरा."

ज्या रविवारबद्दल सांगायचंय, त्या दिवशी अंगणात आगटी पेटलेली होती. निखाऱ्यात ज्वारीची कणसं भाजली जात होती आणि सरूबाई गरम हुरडा हातावर चोळून पाहुण्यांना देत होत्या. इरा त्यांच्या शेजारी पाटावर बसली होती. सर चटणीचं ताट घेऊन फिरत होते. मी दही वाढत होते.

"मावशी," इरा म्हणाली, "ती पेटी मला किती आवडते माहितीये? दर वर्षी मागते. सर देतच नाहीत."

सरूबाईंचे हात थांबले. "कामून देत न्हाईत?"

"घरातल्या वस्तू विकत नसतात म्हणतात."

"मला इचारलं असतं तर मी दिली असती की. न्या तुम्ही. माझ्या घरात जागाच अडवून बसलीय ती. मला दिवाण घ्यायचाय. गुडघे धरून राहिलेत, खालून उठता येईना."

इराला वाटलं, मावशी चेष्टा करतायत. "पण पेटी सरांची आहे ना?"

"सरांची कशी? माझ्या लग्नातली हाय. सर दोन दिवसाला नेतात, मांडायला."

सरूबाईंच्या आवाजात चहाडी नव्हती. पुण्याच्या लोकांना हे सगळं ठाऊकच आहे, अशी त्यांची समजूत होती. लग्नात मांडववाल्याच्या खुर्च्यांवर आपण बसतो, त्या नवरीच्या बापाच्या आहेत असं कुणी मानत नाही, तसं.

मंदारनं चष्मा काढला. "मांडायला म्हणजे?"

सर चटणीचं ताट धरून जागच्या जागी उभे. तेवढ्यात बसवंतअप्पा, ज्यांना या बोलण्यातलं एकच ऐकू गेलं होतं, ते पुढं सरकले. "पेटी घेऊन राहिल्या म्हणता, ताई? मग आमची तागडी पण बघा की."

आणि मग कुणी थांबेना. दाराशी उभी असलेली माणसं आत आली. ज्यांना गल्लीत खबर लागली ती पळत आली. ती समई आमची. ते घंगाळ आमचं. ताई, हा रांजण बघा, चिरा न्हाई की काही न्हाई. त्या दोन घरच्या बायका एकच तांब्या दोन बाजूंनी धरून उभ्या राहिल्या. कुणाच्या मनात सरांचं वाईट करायचं नव्हतं. त्यांना विकायचं होतं, एवढंच. सगळ्यांच्या घरी फरशा बसल्या होत्या, कपाटं आली होती, आणि असलं काही कुणी पैसे देऊन नेईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"इतकी वर्षं?" मंदार म्हणाला. तो सरांच्या अगदी समोर येऊन उभा होता. "हे काय होतं रे?"

सरांनी विचार केला. खरंच केला, मी बघत होते. मग म्हणाले, "जेवण खरं होतं." थोड्या वेळानं, "घर मामांचं आहे. तेवढं पण खरं आहे."

बरोबर आलेलं नवं जोडपं फोन खाली ठेवून एकमेकांकडं बघत होतं. मला दह्याचं पातेलं कुठं ठेवावं ते सुचेना.

इरा मात्र तोवर ढाळजेतल्या पेटीपाशी गेली होती आणि बाकीचे तिच्या मागं. तिनं झाकण उघडलं, बिजागऱ्या तपासल्या आणि विचारलं, "मावशी, काय घ्याल?"

सरूबाईंनी एक आकडा सांगितला. ऐकून मलाच लाज वाटली, इतका तो लहान होता. इरा लगेच पर्स उघडायला लागली.

"थांबा," सर म्हणाले.

त्यांनी ताट खाली ठेवलं. पाटावर पडलेली टोपी उचलून डोक्यावर घातली. पेटीवर हात ठेवला आणि पुण्याच्या मराठीत सुरुवात केली. "इरा, ही पेटी हैदराबादहून आलेली आहे."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. सरांनी अख्खी हकिकत सांगितली. हुद्दा, व्यापारी, अब्रू, पूर, गाडीवानाचं भजन. एक शब्द गाळला नाही. सरूबाई नेहमीसारख्याच मान डोलावत होत्या. संपल्यावर सरांनी किंमत सांगितली. सरूबाईंच्या आकड्याच्या कितीतरी पुढची.

"पण हे तर तुम्ही रचलेलं आहे," इरा म्हणाली.

"दुकानात तू गिऱ्हाइकाला काय सांगणार आहेस?"

इरानं पेटीचं झाकण हळूच लावलं. मग तिनं सरांनी सांगितली ती किंमत दिली.

"एवढे कशाला वो, सर," सरूबाई पुटपुटल्या. सरांनी त्यांना हातानं गप्प बसायची खूण केली आणि ते समईकडं वळले.

त्या दिवशी त्यांनी एकूण एक वस्तू विकली. प्रत्येकीची हकिकत सांगितली, काही तर मी कधीच न ऐकलेल्या. तागडीवर म्हणे एका दुष्काळात अप्पांच्या आजोबांनी सबंध गावाला धान्य मोजून दिलं होतं. अप्पा माझ्या कानाशी म्हणाले, "हे मला म्हाईत नव्हतं." घासाघीस करताना सर असे भांडत होते की वर्गातले सर मला त्यांच्यात पहिल्यांदा दिसले. जिथल्या तिथं, पै पैचा हिशोब. त्या दोन बायकांच्या तांब्याचे पैसे त्यांनी सारखे वाटून दिले. लोह्याहून टेम्पो मागवला, माणसांनी तो भरला, आणि घर रिकामं झालं.

शेवटी ढाळजेत एक कंदील उरला. काच तडकलेली, दांडी वाकडी. सरांनी तो वर धरून विचारलं, "हा कुणाचा?"

त्यांनी प्रत्येकाकडं बघितलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

"मग माझा असेल," सर म्हणाले, आणि त्यांनी तो भिंतीतल्या देवळीत नेऊन ठेवला.

पाहुणे निघाले. मंदार दर वर्षी त्यांना मिठी मारायचा, या वेळी थेट गाडीत जाऊन बसला. सरांनी गाडीच्या काचेशी वाकून सांगितलं, "पुढच्या वर्षी हुरडा जरा लवकर येईल." मंदारनं मान हलवली. ती हो होती की नाही, मला समजलं नाही.

परतताना लोह्याच्या स्टँडवरून आम्ही नांदेडची बस धरली. सर खिडकीशी बसले होते. मला वाटलं, आता ते काहीतरी सांगतील. बऱ्याच वेळानं ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "मॅडम, पेटी जरा स्वस्तात गेली का?"

सोमवारी ते कॉलेजात आले. तास घेतले, ताळेबंद तपासले. हळूहळू ध्यानात आलं की ते कुणालाच पितळेबद्दल विचारत नाहीत. अत्तर बंद झालं. माझ्या घरी एकदा वहिनींबरोबर आले, पाणी प्यायले आणि तांब्या तसाच खाली ठेवला. त्यांची पाठ वळल्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "बघितलं का? घरात पण असंच. काही उलटं करून बघत न्हाईत. मला पहिले त्यांची लाज वाटायची. आता भ्या वाटून राहिलंय."

असं जवळजवळ वर्ष गेलं. पुढच्या थंडीत एका दुपारी लायब्ररीत मला इराचा फोन आला. ती अडखळत बोलत होती. "आम्ही यावं का? मंदारला वाटतंय यावं. म्हणजे, तो तसं म्हणत नाही. सरांना राग आलाय का आमचा?" मला काय सांगावं ते कळेना. राग कुणी कुणावर धरायचा, हेच मला अजून ठरवता आलं नव्हतं. मी सरांना जाऊन विचारलं.

"घरात बसायला काही नाही," सर म्हणाले. एवढंच. नको म्हणाले नाहीत.

मी सरूबाईंना फोन लावला. "येऊ द्या की," त्या म्हणाल्या. "बसायचं आम्ही बघतो."

शुक्रवारी आम्ही पोहोचलो, या वेळी वहिनीही आल्या होत्या, तर दार उघडंच होतं. सर ढाळजेत पाऊल टाकून थबकले. भिंतीला लावून लाल, निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मधे काचेचा टीपॉय, त्यावर कापडी फुलं. भिंतीवर सोनेरी कडेचं घड्याळ, चालू. आतल्या खोलीत कुणाचा तरी नवा कोरा कूलर, थंडीच्या दिवसांत, वेष्टणासकट. चिनी मातीचा नक्षीदार डिनर सेट. आणि समोरच्या भिंतीला सरूबाईंचा दिवाण, वर मोरांची चादर. गावानं आपल्या घरातलं जे सगळ्यात चांगलं होतं ते आणून लावलं होतं.

"अप्पा म्हणाले, खुर्च्या ढाळजेतच पाहिजेत," सरूबाई म्हणाल्या. "तुम्हाला हलवायचं तर हलवा."

सरांनी काहीच हलवलं नाही. त्यांनी एक खुर्ची उचलली, उलटी केली आणि खालून बघितली. वहिनींनी पटकन तोंडाला पदर लावला.

शनिवारी गाडी आली. मंदार, इरा आणि त्यांच्या ओळखीचं एक नवं जोडपं. इरानं त्या दोघांना वाटेत बरंच काही सांगून ठेवलेलं असावं, कारण ते आत आले आणि खुर्च्यांकडं, घड्याळाकडं, कूलरकडं बघत राहिले. मंदार सगळ्यात शेवटी आला, कुणाशी न बोलता दिवाणावर बसला.

सर मधोमध उभे राहिले. टोपी घातलेली नव्हती. त्यांनी घसा खाकरला आणि आपल्या नांदेडच्या बोलीत सांगायला सुरुवात केली.

"तुम्ही बसलात तो दिवाण सरूबाईंचा हाय. गेल्या साली तुम्ही त्यांची पेटी नेली, त्या पैशातून आलाय. सरूबाईंना गुडघ्यांनी खालून उठता येत न्हाई, म्हणून घेतला. काल चौघांनी उचलून इथं आणलाय. आता पाहुणे हायेत तोवर त्या खाली झोपून राहणार, पण तुम्हाला बसायला पाहिजे म्हणून आणलाय."

नव्या जोडप्यातला पुरुष हसला. मनापासून, खूश होऊन. "काय सांगतात हे," तो बायकोला म्हणाला.

"बोलले नव्हते मी?" इरा म्हणाली. "ते असंच सांगतात."

"खरं हाय ते," सरूबाई दारातून म्हणाल्या.

त्यावर ते तिघंही आणखी हसले. सर मधेच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना हसू. आपलं कुठं चुकलं ते शोधत असल्यासारखे ते उभे होते. मला वाटलं, आता टोपी मागतील आणि पुन्हा हैदराबाद सुरू करतील.

मंदार हसला नव्हता. तो दिवाणावरून उठला. चादर हातानं सारखी केली. दारापाशी गेला आणि सरूबाईंना म्हणाला, "मावशी, वर बसा तुम्ही."

"मला कशाला? तुम्ही पाहुणे."

"बसा."

सरूबाईंनी सरांकडं बघितलं. सरांनी मान हलवली. त्या दिवाणाच्या कडेला टेकल्या, अवघडून, हात मांडीवर ठेवून. मंदार त्यांच्या पायाशी जमिनीवर मांडी घालून बसला. त्याचा महागाचा कुर्ता मातीला टेकला.

मग त्यानं वर सरांकडं बघितलं. "पुढं सांग."

सरांनी पुन्हा घसा खाकरला. पुढच्या लाल खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "ही अप्पांच्या दुकानातली," ते म्हणाले. "हिचा मागचा एक पाय कच्चा हाय. जपून बसा."